सभेची परवानगी : मराठवाड्यातील नागरी हक्कांचा लढा आणि अमेरिकेचा इतिहास

हैदराबाद संस्थानात १९२०च्या दशकाच्या अखेरीस ‘गश्ती निशान ५३’ नावाने ओळखले जाणारे परिपत्रक लागू होते. सभा घ्यायची तर आधी सरकारची परवानगी काढावी, सभेत राजकारण येणार नाही याची हमी द्यावी, असा त्याचा आशय होता. वाचनालयाचा वार्षिकोत्सव असो की समाजसुधारणेची परिषद, अर्ज अधिकाऱ्याच्या मेजावरून हलला नाही तर मंडप उभा राहत नसे. मराठवाड्याच्या स्वातंत्र्यलढ्याचा इतिहास बहुधा रझाकारांच्या अत्याचारांपासून सांगितला जातो आणि सप्टेंबर १९४८च्या पोलीस कारवाईवर संपवला जातो. त्याचे मूळ मात्र या परवानगीच्या अर्जात आहे. चार माणसांनी एकत्र येऊन आपल्या गावाविषयी बोलावे की नाही, हा या लढ्याचा पहिला प्रश्न होता.

हाच प्रश्न त्याच्याही दीडशे वर्षांपूर्वी अटलांटिक महासागराच्या पलीकडे उभा राहिला होता. अमेरिकेतील ब्रिटिश वसाहतींचे बंड म्हटले की चहाची खोकी आणि करांचा वाद डोळ्यांपुढे येतो. १७६५च्या स्टँप कायद्याने वर्तमानपत्रे, दस्तऐवज, परवाने या सर्वांवर मुद्रांकाचा कर बसवला. वसाहतींनी तो मानला नाही आणि पुढच्याच वर्षी लंडनच्या पार्लमेंटला तो मागे घ्यावा लागला. १६ डिसेंबर १७७३ रोजी बोस्टनच्या बंदरात चहाची ३४२ खोकी समुद्रात फेकली गेली. यानंतर पार्लमेंटने मॅसॅच्युसेट्ससाठी १७७४ साली जो शासनविषयक कायदा केला, त्याकडे मात्र पाठ्यपुस्तके धावत्या नजरेने पाहतात. त्या वसाहतीत प्रत्येक गावाची सभा भरे. रस्ता, शाळा, चर्चचा खर्च, गावचे अधिकारी कोण असावेत, हे सारे त्या सभेत ठरे. नव्या कायद्याने निवडणुकीची वार्षिक सभा तेवढी राहू दिली. बाकीच्या सभांना गव्हर्नरची परवानगी आवश्यक केली. कराने लोक चिडले होतेच. सभा बंद झाल्यावर ज्यांना कराशी फारसे देणेघेणे नव्हते, असे खेड्यातले शेतकरीही उठले. काही गावांनी युक्ती केली : कायदा येण्यापूर्वी बोलावलेली सभा संपवायचीच नाही, ती फक्त तहकूब करत राहायचे. सेलम गावाने तर ऑगस्ट १७७४ मध्ये गव्हर्नर गावात असताना त्याची मनाई धुडकावून सभा घेतली. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले आणि वर्षभरात बंदुका सुटल्या.

स्वातंत्र्यानंतर अमेरिकेने १७८७ साली राज्यघटना लिहिली. लोकांनी तिला हक्कांची सनद जोडायला लावली आणि ती १७९१ मध्ये अमलात आली. तिच्या पहिल्याच दुरुस्तीत धर्म, भाषण आणि मुद्रण यांच्या स्वातंत्र्याबरोबर शांततेने एकत्र जमण्याचा आणि गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क आला. सभाबंदीची आठवण ताजी असलेल्या पिढीने तो लिहून घेतला होता.

हैदराबादची रचना अमेरिकी वसाहतींपेक्षा फार निराळी होती. सुमारे ८२ हजार चौरस मैलांचे आणि १९४१च्या शिरगणतीनुसार एक कोटी साठ लाखांहून अधिक वस्तीचे ते संस्थान होते. सुमारे निम्मी प्रजा तेलुगू बोलणारी, चौथा हिस्सा मराठी; त्याखेरीज कन्नड आणि उर्दू भाषक. औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड आणि उस्मानाबाद हे पाच जिल्हे मराठी. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके मराठी असूनही बीदर जिल्ह्यात मोडत. लातूर हा तेव्हा उस्मानाबाद जिल्ह्यातला एक तालुका होता. १७६० सालच्या मराठे आणि निजाम यांच्या लढाईमुळे उदगीरचे नाव शालेय इतिहासात कायमचे गेले. त्यानंतरच्या शंभर-दीडशे वर्षांत या तालुक्यातला माणूस कोणत्या कायद्याखाली जगत होता, याची नोंद तिथे सापडत नाही, आणि ती उणीव मोठी आहे.

जमिनीचा सुमारे साठ टक्के भाग सरकारी वसुलीखालचा, म्हणजे खालसा होता. उरलेल्यात निजामाची खाजगी मालमत्ता असलेले ‘सर्फेखास’, मोठ्या अमीर घराण्यांच्या पायगा आणि लहानमोठ्या जहागिऱ्या येत. जहागिरीतल्या रयतेला सारा जहागीरदाराकडे भरावा लागे आणि अनेक ठिकाणी न्यायही त्याच्याच दारी मागावा लागे. अधिकारी दौऱ्यावर आला की वेठ ठरलेली : गाडी, गवत, सरपण, कोंबडी, माणूस. महायुद्धाच्या काळात त्यात लेव्हीच्या धान्याची भर पडली. दरबार, कचेरी, न्यायालय आणि वरचे शिक्षण उर्दूतून चाले. १९१८ साली सुरू झालेले उस्मानिया विद्यापीठ देशी भाषेत उच्च शिक्षण देणारे देशातले पहिले विद्यापीठ म्हणून गौरवले जाते आणि ज्ञानाच्या दृष्टीने तो गौरव योग्यच आहे. पण ती देशी भाषा शंभरातल्या दहा-बारा जणांचीच होती. मराठी, तेलुगू, कन्नड मुलांना घरची भाषा एक आणि परीक्षेची दुसरी, अशी दुहेरी चढण चढावी लागे. खासगी शाळा काढायलाही परवानगी लागे. संस्थान विलीन झाले तेव्हा शंभरात दहा माणसांनाही लिहिता-वाचता येत नव्हते.

अशा राज्यात राजकारण उघडपणे करता येत नसल्याने ते शिक्षणाच्या आणि सुधारणेच्या आडोशाने वाढले. हैदराबाद शहरात १९०७ साली निघालेली विवेकवर्धिनी शाळा, गुलबर्ग्याचे नूतन विद्यालय, औरंगाबादची सरस्वती भुवन, हिप्परग्याची राष्ट्रीय शाळा ही त्या चळवळीची खरी केंद्रे. वकील केशवराव कोरटकर आणि वामन नाईक यांच्यासारखी माणसे या कामाच्या मागे उभी होती. गणेशोत्सवातले मेळे, वाचनालये, व्यायामशाळा यांतूनही माणसे जमत. १९२० पासून ‘निजाम विजय’ हे मराठी साप्ताहिक लक्ष्मणराव फाटक यांनी हैदराबादेतून चालवले. मराठी साहित्य संमेलन १९३१ मध्ये हैदराबादला भरले आणि त्याचे अध्यक्ष होते ज्ञानकोशकार श्रीधर व्यंकटेश केतकर. त्यांनी अमेरिकेतल्या कॉर्नेल विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेवर प्रबंध लिहिला होता. साहित्याच्या मांडवात राजकारण बोलता येत नसे, पण आपली भाषा बोलणारे इतके लोक एका जागी जमतात हे पाहणेच पुष्कळ शिकवून जाई.

भाषेचा अभिमान ही दुधारी गोष्ट होती, हेही इथे नोंदले पाहिजे. नोव्हेंबर १९२१ मध्ये हैदराबादेत समाजसुधारणा परिषद भरली. अध्यक्ष महर्षी धोंडो केशव कर्वे. त्या परिषदेत एक वकील तेलुगूतून ठराव मांडायला उभे राहिले, तेव्हा श्रोत्यांनी हुर्यो करून त्यांना बोलू दिले नाही. त्या हुर्योत मराठी मंडळीही होती. अपमानित झालेल्या तेलुगू कार्यकर्त्यांनी आंध्र जनसंघ स्थापला आणि तेलंगणातील पुढच्या साऱ्या राजकारणाची ती सुरुवात ठरली. सरकारच्या सभाबंदीविरुद्ध तक्रार करणाऱ्यांनीच दुसऱ्याचे तोंड बंद केल्याचा हा प्रसंग मराठी इतिहासात क्वचितच सांगितला जातो.

संस्थानात राजकीय परिषद घेता येत नव्हती म्हणून ती संस्थानाबाहेर घेतली गेली. १९२३ साली काकिनाड्याला, पुढे मुंबई, पुणे आणि १९३१ मध्ये अकोला येथे हैदराबादच्या प्रजेची परिषद भरली. आपल्या गावचे गाऱ्हाणे सांगायला परमुलखात जावे लागणे ही लाजिरवाणी स्थिती होती. १९३७ मध्ये परतूर येथे गोविंदराव नानल यांच्या अध्यक्षतेखाली महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन झाले, तेव्हा मराठवाड्याला स्वतःच्या भूमीवर व्यासपीठ मिळाले. दुसरे अधिवेशन १९३८ मध्ये लातूरला भरले. त्याच वर्षी आनंद कृष्ण वाघमारे यांनी ‘मराठवाडा’ साप्ताहिक पुण्यातून सुरू केले. संस्थानात त्याच्या प्रवेशावर बंदी आली की ते नाव बदलून निघे आणि नवे नाव बंद झाले की पुन्हा दुसरे घेई. स्टँप कायद्याच्या विरोधात बोस्टन आणि फिलाडेल्फियाच्या छापखान्यांनी जे केले, तेच काम या चार पानांच्या पत्राने केले : विखुरलेल्या तालुक्यांना एकमेकांची बातमी दिली.

या चळवळीला तिचा नेता शाळेतून मिळाला. व्यंकटेश खेडगीकर यांचा जन्म १९०३ साली विजापूर जिल्ह्यातल्या सिंदगी येथे झाला. काही काळ त्यांनी कामगार पुढारी ना. म. जोशी यांच्याबरोबर काम केले आणि मग हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत मुख्याध्यापकी पत्करली. १९३२ मध्ये संन्यास घेऊन ते स्वामी रामानंद तीर्थ झाले. १९३५ मध्ये बाबासाहेब परांजपे आणि इतर सहकाऱ्यांसह ते मोमिनाबादला, म्हणजे आजच्या अंबाजोगाईला, योगेश्वरी नूतन विद्यालयात आले. संन्याशाने राजकारणात पडावे का, हा प्रश्न त्यांना अनेकदा विचारला गेला. मजुरांच्या वस्त्या पाहिलेल्या आणि खेड्यातली मुले शिकवलेल्या या माणसाला ते दोन वेगळे धर्म वाटले नाहीत.

१९३८ हे वर्ष निर्णायक ठरले. हैदराबाद स्टेट काँग्रेस स्थापन होण्यापूर्वीच, ७ सप्टेंबर रोजी, सरकारने तिच्यावर बंदी घातली. तिची मागणी तरी काय होती? निजामाच्या आसफजाही घराण्याच्या छत्राखाली जबाबदार राज्यपद्धती. निजामाला गादीवरून उतरवण्याची भाषा कोणी केली नव्हती. जुलै १७७५ मध्ये, लेक्झिंग्टनच्या पहिल्या चकमकीत रक्त सांडून झाल्यावरही, अमेरिकी वसाहतींच्या काँग्रेसने राजा तिसरा जॉर्ज याच्याकडे निष्ठेचा विनंतीअर्ज पाठवला होता. राजाने तो स्वीकारलाही नाही. दोन्हीकडे राजनिष्ठ प्रजेला राजाने बंडखोर ठरवले आणि कालांतराने तिला खरोखर बंडखोर केले.

२४ ऑक्टोबर १९३८ रोजी सत्याग्रहाची पहिली तुकडी गोविंदराव नानलांच्या नेतृत्वाखाली बाहेर पडली. तीनच दिवसांनी स्वामीजींनी सत्याग्रह केला आणि त्यांना दीड वर्षाची शिक्षा झाली. नोव्हेंबरमध्ये औरंगाबादच्या कॉलेजात आणि उस्मानियाच्या वसतिगृहात ‘वंदे मातरम्’ म्हणण्यावर मनाई आली. विद्यार्थ्यांनी संप केला, शेकडोंना नावे कमी होऊन बाहेर पडावे लागले आणि त्यांतल्या अनेकांना नागपूर विद्यापीठाने सामावून घेतले. पुढे देशाचे पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांत होते. औरंगाबादच्या विद्यार्थ्यांमागे तरुण शिक्षक गोविंदभाई श्रॉफ उभे राहिले आणि त्यांनी नोकरी सोडली.

उदगीरचा वाटा याच काळातला. बन्सीलाल आणि श्यामलाल हे वकील बंधू इथे आर्य समाजाचे काम करीत. हवनकुंड, आखाडा, शाळा, मिरवणूक या प्रत्येक गोष्टीला परवानगी लागे आणि ती नाकारली जाई, ही आर्य समाजाची तक्रार होती. भाई श्यामलाल यांना अटक झाली आणि १९३८च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात त्यांचा मृत्यू झाला. त्याच महिन्याच्या अखेरीस सोलापुरात लोकनायक बापूजी अणे यांच्या अध्यक्षतेखाली आर्य परिषद भरली. पुढच्या वर्षी देशभरातून आलेल्या हजारो आर्य सत्याग्रहींनी हैदराबादचे तुरुंग भरले आणि ऑगस्ट १९३९ मध्ये सरकारला काही सवलती द्याव्या लागल्या. श्यामलाल यांचे नाव उदगीरच्या शिक्षणसंस्थेने जपले आहे.

स्टेट काँग्रेसचा सत्याग्रह मात्र गांधीजींच्या सल्ल्याने २४ डिसेंबर १९३८ रोजीच थांबवण्यात आला. धार्मिक हक्कांचे आणि नागरी हक्कांचे आंदोलन एकमेकांत मिसळून लढ्याला जातीय रंग चढेल, ही भीती त्यामागे होती. तुरुंगात बसलेल्या अनेकांना तो निर्णय पटला नाही. दहा वर्षांनी जे घडले ते पाहता ती भीती अनाठायी म्हणता येत नाही.

त्याच डिसेंबरच्या ३० तारखेला कन्नड तालुक्यातल्या मक्रणपूर येथे भाऊसाहेब मोरे यांनी अस्पृश्यांची परिषद भरवली आणि डॉ. बाबासाहेब आंबेडकर तिला आले. निजामाच्या राज्यात सभाबंदी सर्वांनाच होती. गावच्या पाणवठ्यावरची बंदी मात्र ठरावीक वस्तीलाच होती आणि तिला कोणत्याही परिपत्रकाची गरज नव्हती. १९१३ ते १९१६ अशी तीन वर्षे आंबेडकर न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकले होते. ज्या देशाने गुलामगिरी घटनेने रद्द केली, त्याच देशात काळ्या माणसाला वेगळ्या डब्यात बसवले जाते, हे त्यांच्या अभ्यासात आणि अनुभवात होते. १९४६ मध्ये त्यांनी काळ्या अमेरिकनांचे विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून दोन्ही समाजांच्या स्थितीतले साम्य मांडले.

हे साम्य मराठी माणसाने त्याहून खूप आधी ओळखले होते. जोतीराव फुले यांनी १८७३ साली प्रसिद्ध केलेली ‘गुलामगिरी’ अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करणाऱ्या सज्जनांना अर्पण केलेली आहे. अमेरिकेने १७७६ मध्ये सर्व माणसे समान आहेत असे जाहीर केले आणि तरीही १७८७च्या घटनेत प्रतिनिधींची संख्या ठरवताना गुलामाला माणसाचे तीन-पंचमांश मोजले. गुलामगिरीविरोधी अर्ज प्रतिनिधिगृहात चर्चेला घ्यायचेच नाहीत, असा नियम १८३६ ते १८४४ या काळात तिथे चालू होता. माजी राष्ट्राध्यक्ष जॉन क्विन्सी ॲडम्स म्हातारपणी या नियमाविरुद्ध आठ वर्षे झगडत राहिले. गाऱ्हाणे मांडण्याचा हक्क पहिल्या दुरुस्तीत लिहिलेला असताना तो पुन्हा मिळवावा लागला. १८६१ ते १८६५च्या यादवी युद्धानंतर तेराव्या दुरुस्तीने गुलामगिरी संपवली, चौदाव्या दुरुस्तीने १८६८ मध्ये नागरिकत्व दिले आणि पंधराव्या दुरुस्तीने १८७० मध्ये वर्णावरून मत नाकारण्यास बंदी केली. स्त्रियांना देशभर मताधिकार मिळायला १९२० उजाडले. दक्षिणेतल्या काळ्या नागरिकांना मतदारयादीत नाव घालता येईल अशी कायद्याची हमी १९६५ मध्ये मिळाली. जाहीरनाम्यापासून तिथवर १८९ वर्षे गेली.

हैदराबादेत बंदी उठली ती जुलै १९४६ मध्ये, देशातले वातावरण बदलल्यावर. त्याच वर्षी बिलोली तालुक्यात गोविंदराव पानसरे या काँग्रेस कार्यकर्त्याची हत्या झाली. १९४७च्या जूनमध्ये निजामाने स्वतंत्र राहण्याचे फर्मान काढले. ७ ऑगस्टला स्टेट काँग्रेसने ‘भारतात सामील व्हा’ दिन पाळला आणि १५ ऑगस्टला स्वामीजींना अटक झाली. मजलिस-ए-इत्तेहादुल मुस्लिमीन या संघटनेचे पुढारी कासीम रझवी हे लातूरचे वकील. त्यांच्या रझाकार संघटनेने १९४७-४८ मध्ये खेड्यापाड्यांत लूट, जाळपोळ आणि खून यांचे सत्र चालवले. सरहद्दीवर आंदोलकांचे कॅम्प उभे राहिले आणि शेतकरी, विद्यार्थी, स्त्रिया त्यांत सामील झाल्या. औरंगाबादच्या आशाताई वाघमारे, बदनापूरजवळच्या दगडाबाई शेळके ही नावे लोकांच्या तोंडी राहिली; ज्यांनी भाकरी पोचवली आणि निरोप नेले, त्या बहुसंख्य बायांची नावे कुठेच नोंदली गेली नाहीत.

हा हिंदू प्रजा आणि मुसलमान राजा यांचा झगडा होता असे मानणाऱ्याने शोएबुल्ला खान यांचे चरित्र पाहावे. ‘इमरोज’ या उर्दू दैनिकाचा हा तरुण संपादक संस्थानाने भारतात विलीन व्हावे असे उघडपणे लिहीत असे. ऑगस्ट १९४८ मध्ये हैदराबादच्या रस्त्यात त्याला गाठून ठार मारण्यात आले. लिहिता हात तोडण्यात आला. अमेरिकेत इलिनॉय राज्यातल्या ऑल्टन गावी एलायजा लव्हजॉय हा संपादक गुलामगिरीविरुद्ध लिही. जमावाने त्याची छपाईयंत्रे पुन्हा पुन्हा मोडली आणि ७ नोव्हेंबर १८३७ रोजी नव्या यंत्राचे रक्षण करताना त्याला गोळी घातली. दोघेही ज्या समाजात जन्मले त्यातल्या बलवानांच्या विरुद्ध लिहीत होते. परक्याविरुद्ध लिहिण्यापेक्षा ते फार अवघड असते.

१३ सप्टेंबर १९४८ रोजी मेजर जनरल जयंतनाथ चौधरी यांच्या नेतृत्वाखाली भारतीय सैन्य संस्थानात शिरले. मुख्य फौज सोलापूरहून नळदुर्गमार्गे आली. १७ सप्टेंबरला निजामाने शरणागती पत्करली. त्यानंतरच्या काही आठवड्यांत मात्र अनेक गावांत सूड उगवला गेला. पंडित नेहरूंनी पाठवलेल्या पंडित सुंदरलाल यांच्या समितीने किमान २७ ते ४० हजार माणसे मारली गेल्याचा अंदाज दिला. मृतांत बहुसंख्य मुसलमान होते आणि सर्वाधिक झळ उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर आणि नांदेड या जिल्ह्यांना बसली होती. उदगीर तेव्हा बीदरमध्ये होते. शेजाऱ्यांना जिवावर उदार होऊन वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. हा अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. ज्या लढ्याची सुरुवात बोलण्याच्या हक्काने झाली, त्याच्या अखेरच्या प्रकरणावर इतकी वर्षे मौन पाळले जावे, हे त्या लढ्याला शोभणारे नव्हते.

कायद्याने हक्क मिळण्याच्या बाबतीत मराठवाड्याचा प्रवास अमेरिकेच्या तुलनेत विलक्षण वेगाने झाला. नोव्हेंबर १९४९ मध्ये निजामाच्या फर्मानाने भारतीय संविधान संस्थानाला लागू करण्याचे मान्य झाले. २६ जानेवारी १९५० रोजी एकोणिसाव्या अनुच्छेदाने शांततेने सभा भरवण्याचा, सतराव्याने अस्पृश्यतेपासून मुक्त होण्याचा आणि तीनशे सव्विसाव्याने प्रौढ मतदानाचा हक्क आणला. १९५१-५२च्या हिवाळ्यात संस्थानातले स्त्री-पुरुष, जहागीरदार आणि सालगडी, एकाच रांगेत मतदानाला उभे राहिले. परवानगीचा अर्ज लिहायची सवय अजून हातातून गेली नव्हती, इतक्यात मतपत्रिका हातात आली. अमेरिकेने दोन शतकांत टप्प्याटप्प्याने जोडलेले हक्क इथे एका दिवशी आले, कारण ते लिहिणाऱ्यांनी अमेरिकेच्या चुका वाचल्या होत्या. संविधानाच्या मसुदा समितीचे अध्यक्ष कोलंबियाचे विद्यार्थी होते, ही गोष्ट इथे गौण नाही.

जमिनीचे मात्र इतक्या सहज झाले नाही. फेब्रुवारी १९४९ मध्ये सर्फेखास खालशात विलीन झाली. १५ ऑगस्ट १९४९ रोजी जहागिऱ्या रद्द करणारा कायदा आला. जहागीरदारांना हप्त्याने भरपाई ठरली. पाठोपाठ १९५०चा हैदराबाद कूळवहिवाट व शेतजमीन कायदा आला. ठरावीक वर्षे सलग जमीन कसणाऱ्याला संरक्षित कुळाचा दर्जा, खंडावर मर्यादा, वाजवी किमतीत जमीन विकत घेण्याचा अधिकार, अशा त्यातील तरतुदी देशात तेव्हा पुढारलेल्या मानल्या गेल्या. त्यामागे तेलंगणातील सशस्त्र शेतकरी उठावाचा धाक होता, हे खरेच; विनोबांची भूदानयात्राही एप्रिल १९५१ मध्ये तेलंगणातल्याच पोचमपल्लीत जन्मली.

पण कायदा तहसीलच्या दप्तरात होता आणि दप्तर पटवाऱ्याच्या हाती. ज्याचे नाव कूळ म्हणून चढले नाही, त्याला कायदा ओळखत नव्हता. अनेक कुळांनी ‘स्वखुशीने’ जमीन सोडल्याचे कागद झाले. ती स्वखुशी सावकाराच्या ओट्यावर किंवा पाटलाच्या वाड्यात ठरलेली असे. अर्थतज्ज्ञ ए. एम. खुस्रो यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पाहणीत संरक्षित कुळांपैकी पुष्कळजण काही वर्षांतच जमिनीवरून हटल्याचे दिसून आले. तरीही ज्यांची नावे राहिली ती घरे उभी राहिली. १९५४च्या खासरा पत्रकात आजोबाचे नाव आहे का, हे मराठवाड्यातला शेतकरी अजूनही अभिलेख कक्षात जाऊन शोधतो.

अमेरिकेत या टप्प्यावर जे झाले ते अधिक दुःखाचे आहे. जानेवारी १८६५ मध्ये जनरल शेर्मन याने दक्षिणेच्या किनारपट्टीवरची जमीन मुक्त गुलामांना कुटुंबामागे चाळीस एकरांपर्यंत देण्याचा हुकूम काढला. लिंकन यांच्या हत्येनंतर राष्ट्राध्यक्ष झालेल्या अँड्र्यू जॉन्सन यांनी वर्षअखेरीच्या आतच त्यातली बहुतेक जमीन जुन्या मालकांना परत केली. मुक्त झालेली माणसे पुन्हा त्याच मळ्यांत वाट्याने राबू लागली. बियाणे मालकाचे, हिशेब मालकाचा, कर्ज कुळाचे. मत मिळाले आणि जमीन मिळाली नाही, म्हणून मतही टिकले नाही; १८७७ नंतर दक्षिणेतल्या राज्यांनी एकेक अट घालून ते काढून घेतले. हैदराबादच्या कूळकायद्याने थोड्यांना का होईना जमीन दिली, आणि या एका बाबतीत मराठवाडा अमेरिकेच्या पुढे गेला.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी हैदराबाद राज्याचे त्रिभाजन झाले. पाच मराठी जिल्हे, काही सरहद्दीचा भाग वगळून, द्वैभाषिक मुंबई राज्यात आले. त्यांच्याबरोबर बीदरमधून उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके निघून उस्मानाबादला जोडले गेले. १९६० मध्ये महाराष्ट्र झाला. १६ ऑगस्ट १९८२ रोजी लातूर जिल्हा वेगळा झाला आणि उदगीर त्यात आले. जिथे उच्च शिक्षणासाठी परकी भाषा शिकावी लागे, तिथे कॉलेजे उभी राहिली : १९५० मध्ये औरंगाबादला डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय, पुढे मिलिंद या नावाने ओळखले गेलेले. त्याच वर्षी नांदेडला स्वामीजींच्या पुढाकाराने पीपल्स कॉलेज. औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठ १९५८ मध्ये सुरू झाले.

समतेच्या प्रश्नाने मराठवाड्याला सर्वांत जास्त हादरवले ते या विद्यापीठाच्या नावावरून. २७ जुलै १९७८ रोजी राज्याच्या विधिमंडळाने विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि दुसऱ्याच दिवसापासून दलित वस्त्यांवर हल्ले सुरू झाले. घरे जळाली, विहिरी बंद झाल्या, माणसे गाव सोडून पळाली. नांदेड जिल्ह्यातील टेंभुर्णीचे पोचीराम कांबळे जमावाकडून मारले गेले. निजामाच्या तुरुंगात वर्षे काढलेल्या काही ज्येष्ठ मंडळींनीही नामांतराला विरोध केला. त्यांच्या मते ‘मराठवाडा’ हे नाव लढ्याचे प्रतीक होते. पण ते प्रतीक जपण्याची किंमत कोणाच्या झोपडीने मोजली, याचे समाधानकारक उत्तर त्यांच्याकडून मिळाले नाही. अमेरिकेत १९५४ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळांतील वर्णभेद घटनाबाह्य ठरवला आणि १९५७ मध्ये लिटल रॉकच्या शाळेत नऊ काळ्या मुलांना प्रवेश देण्यासाठी लष्कर पाठवावे लागले. तिथेही संतापाचे निमित्त शाळा होते. ज्ञानाच्या दारावर कोणाचे नाव असावे आणि त्यातून कोणी आत जावे, यावर माणसे जितकी पेटतात तितकी करांवर पेटत नाहीत.

ठरावाची अंमलबजावणी सोळा वर्षे लांबली. त्या काळात मोर्चे, तुरुंगभरती आणि १९७९ मध्ये नागपूरहून औरंगाबादकडे निघालेला लाँग मार्च झाला. सभा, मोर्चा, निवेदन या साऱ्या साधनांचा वापर आता संविधानाच्या आधाराने होत होता. ती साधने मागच्या पिढीने गश्ती निशान ५३ मोडून मिळवली होती. १४ जानेवारी १९९४ रोजी विद्यापीठाचे नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झाले. त्याच वर्षी १७ सप्टेंबरला, मुक्तिदिनी, नांदेड येथे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले आणि नांदेड, परभणी व लातूर जिल्ह्यांतील महाविद्यालयांबरोबर उदगीरची महाविद्यालयेही त्याला जोडली गेली.